किरणांची भीती वाटते, मग गोळ्यांची का नाही?

नारायणगडाला आमच्याकडे ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ते गडावर माथा टेकतात. बीड जिल्ह्यात पाऊस कमी, देव जास्त आणि पाण्याबद्दल बोलणारी माणसं त्याहून जास्त. टँकर कधी येणार, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, धरणात किती टक्के आहे, या तीन प्रश्नांत आमची पाण्यावरची सगळी चर्चा संपते. पाणी आहे का, एवढंच आम्ही विचारतो. पाण्यात काय आहे हे विचारणं ही पुण्या-मुंबईच्या लोकांची चैन, असा आमचा समज आहे.

हा समज आपल्याला महागात पडणार आहे.

जिल्ह्यातलं बरंचसं पाणी शेवटी गोदावरीला जातं. एक वाट बिंदुसरा आणि सिंदफणेची. दुसरी मांजरेची. मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, धनेगावच्या धरणात अडते, पुढे लातूर, बिदर करत तेलंगणात उतरते. २०१६ च्या उन्हाळ्यात हेच धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या रेल्वेचे फोटो देशभर फिरले. याच नदीच्या खालच्या अंगाला, हैदराबादजवळ, जे सापडलं त्याचे फोटो निघत नाहीत, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

तिथे पटानचेरू नावाची औद्योगिक वसाहत आहे. तिथला नक्कावागू हा ओढा मांजरेला मिळतो. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या सुमारे ९० कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक केंद्रात यायचं, तिथे त्यावर प्रक्रिया व्हायची आणि ते ओढ्यात सोडलं जायचं. जोकिम लार्सन आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी या ‘शुद्ध केलेल्या’ पाण्याचे नमुने तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. सिप्रोची गोळी घेतल्यावर पेशंटच्या रक्तात जेवढं औषध असतं, त्याहून हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. एका दिवसात अंदाजे ४४ किलो सिप्रो त्या पाण्यातून वाहत होतं. अख्ख्या स्वीडनला पाच दिवस पुरेल एवढं.

पुढे हे पाणी पाइपलाइनने हैदराबादेतल्या आंबरपेटच्या सांडपाणी केंद्राकडे वळवलं गेलं. म्हणजे मांजरेच्या ताटातून काढून मुसीच्या ताटात वाढलं. आपल्याकडे प्रदूषण ‘सोडवण्याची’ ही सर्वमान्य पद्धत आहे.

हिरवा डॅशबोर्ड

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रसायनशास्त्राशी माझा अधिकृत संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापुरता. पण माझ्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या सहा महिन्यांत कळते: ज्या बिघाडासाठी अलर्ट लावलेला नाही, तो बिघाड डॅशबोर्डवर कधीच दिसत नाही. सर्व्हर जळत असला तरी स्क्रीन हिरवीगार.

सांडपाण्याचं नेमकं हेच झालंय. मोठ्या कारखान्यांच्या आणि सामायिक केंद्रांच्या तोंडाशी आज ऑनलाइन मोजमाप करणारी यंत्रं असतात. ती पीएच मोजतात, गढूळपणा मोजतात, बीओडी आणि सीओडी मोजतात. सीओडी म्हणजे पाण्यातला सगळा माल जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचा आकडा. औषध कारखान्यांसाठी मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम. आता गणित करा. एक मिलिग्रॅम सिप्रो पूर्ण जाळायला साधारण १.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे पटानचेरूतल्या त्या भयानक ३१ मिलिग्रॅमचा सीओडीतला वाटा जेमतेम ५२. बाकी पाणी बरं असेल तर हे पाणी परीक्षा आरामात पास होतं. मोजणी खरी, मशीन खरं, निकाल हिरवा आणि नदीत अँटिबायोटिक.

त्याने काय होतं? पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेतल्या संशोधकांनी स्वीडिश सहकाऱ्यांसोबत पटानचेरूच्याच प्रक्रिया केंद्रातले जिवाणू तपासले. २०१३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात तपासलेल्या जिवाणूंपैकी ८६ टक्के हे वीस किंवा त्याहून जास्त अँटिबायोटिक्सना दाद देत नव्हते. सांडपाणी केंद्र म्हणजे जिवाणूंना पोसून घाण खायला लावणारी टाकी. त्या टाकीत रोज अँटिबायोटिक ओतलं, तर मरणारे जिवाणू मरतात आणि उरलेल्यांची तालीम सुरू होते. कुस्तीची तालीम असते तशीच. रोज मेहनत, रोज खुराक, आणि बाहेर पडताना पैलवान. हे पैलवान आपली ताकद, म्हणजे प्रतिकाराची जनुकं, शेजारच्या जिवाणूंनाही वाटतात. पुण्याच्या मुठेतही शहराच्या पट्ट्यातल्या गाळात अशी जनुकं वरच्या भागापेक्षा ३० पटींपर्यंत जास्त सापडली आहेत.

आणि हे पैलवान नदीतच राहत नाहीत. २०१९ या एका वर्षात अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या संसर्गांमुळे जगात थेट १२.७ लाख माणसं गेली, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे. बाळंतीण, ऑपरेशन झालेला म्हातारा, कोयत्याने हात कापलेला ऊसतोड कामगार, यांना उद्या ‘साधं’ अँटिबायोटिक चालेल की नाही, याचा फैसला काही प्रमाणात अशा टाक्यांमध्ये होतोय.

उपाय आहे, आणि तो आपल्या अंगणात आहे

इथे येते ती गोष्ट जिचं नाव काढलं की ग्रुपमध्ये हात जोडलेले इमोजी यायला लागतात. रेडिएशन.

पाण्यावर वेगवान इलेक्ट्रॉनचा झोत टाकला की बहुतेक ऊर्जा पाण्याचे रेणूच खातात आणि फुटतात. त्या फुटण्यातून दोन भुकेली मंडळी जन्माला येतात: हायड्रॉक्सिल रॅडिकल आणि पाण्यात सुटा झालेला इलेक्ट्रॉन. पहिला समोर येईल त्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढतो. दुसरा नेमकं उलटं करतो, समोरच्याला इलेक्ट्रॉन चिकटवतो, आणि क्लोरिन-फ्लोरिनसारखे अणू रेणूपासून सोडवण्यात पटाईत असतो. डायक्लोफेनॅकमध्ये क्लोरिन असतो, सिप्रोमध्ये फ्लोरिन. एकाच वेळी ओढणारा आणि ढकलणारा असे दोन्ही मारेकरी, तेही जवळपास सारख्या संख्येने आणि बाहेरून कुठलंही रसायन न ओतता मिळणं, हे या पद्धतीचं वैशिष्ट्य. अल्ट्राव्हायोलेट दिव्याचा प्रकाश गढूळ, रंगीत पाण्यात शिरत नाही. इलेक्ट्रॉनला रंगाशी देणंघेणं नाही.

‘म्हणजे पाणी किरणोत्सर्गी होणार!’ नाही होत. अणूच्या केंद्रकाला हात लावायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या बरीच खाली ही यंत्रं चालतात. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी अंधारात चमकत नाही, तसंच.

खर्च? एक किलोग्रे डोस म्हणजे एक किलो पाण्यात हजार ज्यूल ऊर्जा. त्याने पाणी पाव अंशसुद्धा तापत नाही. हजार लिटरला दहा लाख ज्यूल, म्हणजे ०.२८ युनिट वीज. औषधांचे अंश फोडायला तीन किलोग्रे लागतात असं धरू, आणि यंत्रात निम्मी वीज वाया जाते असंही धरू. तरी हजार लिटरला पावणेदोन युनिटच्या आत काम होतं. युनिटला दहा रुपये लावले तरी हे वीस लिटरच्या एका जारच्या किमतीत बसतं. यंत्राची किंमत, काँक्रीटच्या जाड भिंती, शिकलेली माणसं हा खर्च वेगळा आणि तो मोठा आहे. पण ‘अणूचं काम म्हणजे आपल्या आवाक्याबाहेर’ हे वाक्य हिशोब न करता बोललं जातं.

आणि हे कागदावरचं नाही. दक्षिण कोरियात दैगू इथे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं दिवसाला एक कोटी लिटर सांडपाणी इलेक्ट्रॉन झोताखालून काढणारा प्रकल्प २००० च्या दशकातच उभा राहिला. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतात २०२० मध्ये दिवसाला तीन कोटी लिटरचा प्रकल्प सुरू झाला. २०२१ मध्ये हुबेई प्रांतातल्या शियान शहरात एका रुग्णालयाच्या सांडपाण्यासाठीच असं यंत्र बसलं.

आता आपल्याकडे या. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७४ मध्ये ‘आयसोमेड’ हा प्रकल्प सुरू केला. इंजेक्शनच्या सुया, सिरिंज, बँडेज गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या दंडात शिरलेली सुई किरणांखालून आलेली असू शकते. लासलगावला कांद्यासाठी विकिरण केंद्र आहे, आणि २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूसही तिथून किरणं खाऊन गेलाय. बडोद्यात १९९२ पासून मैलापाण्याच्या गाळावर गॅमा किरणं वापरण्याचा प्रयोग झाला, आणि २०१९ मध्ये अहमदाबादला दिवसाला १०० टन सुका गाळ निर्जंतुक करणारं केंद्र आलं. खारघरला भाभा केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. सुईला चालतं, आंब्याला चालतं, कांद्याला चालतं, गुजरातच्या गाळाला चालतं. मग तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ, वाळूज इथल्या औषध कारखान्यांच्या सांडपाण्यालाच का चालत नाही?

कारण कोणी मागितलंच नाही

सोपं उत्तर ‘लोक घाबरतात’ असं आहे. मला ते पटत नाही. लोकांना विचारून कुठला कारखाना चालतो? तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेला हरित लवादापर्यंत जावं लागलं. लोकांची भीती एवढी प्रभावी असती, तर ते लवादात कशाला गेले असते?

खरं उत्तर कंटाळवाणं आहे. नियम नाही. २०२० च्या जानेवारीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांसाठी मसुदा काढला होता. त्यात शंभराहून जास्त अँटिबायोटिक्ससाठी सांडपाण्यातली मर्यादा घातली होती. असं काही करणारा भारत जगातला पहिला देश ठरला असता. मग सूचना आल्या, हरकती आल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा अँटिबायोटिक्सच्या मर्यादा त्यातून गायब होत्या. बाकी सगळं होतं. पीएच होता, सीओडी होता.

ज्या गोष्टीला मर्यादा नाही, तिच्यासाठी कोणता कारखानदार यंत्र विकत घेईल? तो धर्मादाय संस्था चालवत नाही, आणि त्याने चालवावी अशी अपेक्षाही नाही. भाभा केंद्राने जगातलं सर्वोत्तम यंत्र फुकट दिलं तरी ते चालवायचा वीजबिलाचा आकडा बघून तो ते बंद ठेवेल. माझ्या पिढीला वाटतं, टेक्नॉलॉजी आली की प्रश्न सुटतो. टेक्नॉलॉजी तुर्भ्याला पन्नास वर्षं बसून आहे.

मर्यादा नसल्यावर मग ‘जनजागृती’ येते. जुन्या गोळ्या उकिरड्यावर टाकू नका, डॉक्टरला न विचारता अँटिबायोटिक घेऊ नका, कोर्स अर्धवट सोडू नका. सगळं बरोबर आहे आणि पाळायलाच हवं. पण दिवसाला ४४ किलो सिप्रो म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या ८८ हजार गोळ्या. आमच्या गावातल्या सगळ्या आज्ज्यांनी मेडिकलमधून आणलेल्या सगळ्या गोळ्या एकदम उकिरड्यावर ओतल्या, तरी त्या आकड्याच्या जवळपास जात नाहीत. आजीला भाषण देणं फुकट असतं, म्हणून ते दिलं जातं.

हरकती, आणि त्यांची उत्तरं

‘बीडला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही इलेक्ट्रॉन सांगताय.’ हे मला हमखास ऐकवलं जातं. पण विष पातळ करायला पाणी लागतं. भरलेल्या नदीत सोडलेली घाण आणि उन्हाळ्यातल्या ओढ्यात सोडलेली घाण यांत फरक आहे. जिथे नदी आठ महिने कोरडी, तिथे वाहणारं पाणी म्हणजे कोणाचं तरी सांडपाणीच. दुष्काळी भागाला शेवटी सांडपाणी शुद्ध करून वापरावंच लागणार आहे. तेव्हा त्यात काय आहे, हा प्रश्न आमच्यासाठी चैनीचा राहत नाही, जगण्याचा होतो.

नारायणगडावर इलेक्ट्रॉनचं यंत्र बसवा, असं मी म्हणत नाहीये. ते शुद्ध खुळेपण ठरेल. इलेक्ट्रॉन पाण्यात काही मिलिमीटरच शिरतो, त्यामुळे पाण्याचा पातळ पडदा करून झोताखालून सोडावा लागतो. शिवाय आपल्या बोअरच्या पाण्यात, ज्याचा थर हीटरच्या कॉइलवर जमतो, ते बायकार्बोनेट औषधाआधी स्वतःच रॅडिकल गिळून बसतं. हे यंत्र नदीवर नको, गावाच्या नळावर नको. जिथे औषध घट्ट आहे, तिथे हवं: कारखान्याच्या आणि मोठ्या रुग्णालयाच्या तोंडाशी.

‘अर्धवट तुटलेला रेणू जास्त विषारी असेल तर?’ ही हरकत खरी आहे आणि ती मला सगळ्यात जास्त आदराची वाटते. डोस कमी पडला तर असं होऊ शकतं. म्हणूनच मूळ औषध गेलं का एवढंच न बघता, बाहेर पडणाऱ्या पाण्याची विषारीपणाची चाचणी नियमात हवी. झोतानंतर पुन्हा जिवाणूंच्या टाकीत पाणी सोडलं, तर उरलेले तुकडे खाणं जिवाणूंना सोपं जातं. आधी कणीस सोला, मग दाणे भरवा.

‘आणि अपघात?’ होतात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० असलेलं विद्यापीठाचं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं आणि एक माणूस मेला. माझ्या धंद्यातलं उदाहरण त्याहून लाजिरवाणं आहे. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर उपचार करणारं इलेक्ट्रॉन यंत्र. आधीच्या मॉडेलमधली हार्डवेअरची सुरक्षा काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. १९८५ ते १९८७ दरम्यान सहा पेशंटना प्रचंड डोस बसला, काही त्यातून गेले. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सांडपाण्यासाठी कोबाल्ट नको, इलेक्ट्रॉन झोत हवा. त्याचा खटका बंद केला की किरण बंद, भंगारात गेला तरी ते लोखंडच. आणि दाराचं लॉक कोडमध्ये नको, तारेत हवं. भीतीचं योग्य काम हे आहे. तिने यंत्राचं दार नीट बसवून घ्यावं. यंत्राचं नाव काढणं बंद करू नये.

‘ओझोन आहे, कार्बन आहे, त्यांनी भागतं की.’ भागत असेल तर जरूर वापरा. स्वित्झर्लंड शहरांच्या सांडपाण्यासाठी तेच वापरतं. गढूळ, रंगीत, घट्ट सांडपाण्यात इलेक्ट्रॉन सरस ठरतील असं मला वाटतं, पण स्पर्धा होऊ दे. स्पर्धा लावायलाही आधी परीक्षेचा पेपर लागतो. तो पेपर म्हणजे मर्यादा.

‘औषधं महाग होतील.’ ही धमकी गरिबाच्या नावाने दिली जाते आणि नफ्याच्या वतीने बोलली जाते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये शहरी सांडपाण्याचा कायदा बदलला. मोठ्या शहरांत सांडपाण्यावर चौथ्या टप्प्याची प्रक्रिया बंधनकारक केली, आणि तिचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांवर टाकला. कंपन्या तिथे कोर्टात गेल्या. जाऊ देत. निदान तिथे भांडण ‘कोणी भरायचं’ यावर आहे. आपल्याकडे अजून ‘मोजायचं का’ यावरच अडलंय. आणि स्वस्त गोळीचा हिशोब पूर्ण करायचा असेल, तर गोळी लागू न पडल्यामुळे आयसीयूत गेलेल्या माणसाचं बिलही त्यात धरा. ते बिल भरायला बीडमधला माणूस आधी म्हैस विकतो, मग जमीन.

गिधाडांची गोष्टही लक्षात ठेवा. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, त्या जनावरांचं मढं खाऊन, भारतातली गिधाडं जवळपास संपली. कारण २००४ मध्ये कळलं, जनावरांसाठी त्या औषधावर बंदी २००६ मध्ये आली. बंदी आली तेव्हा वाचवायला फारशी गिधाडं उरली नव्हती. औषध शरीरातून बाहेर पडलं म्हणजे संपलं, या समजुतीची ती किंमत होती.

मागणी तीन ओळींची आहे. २०२० च्या मसुद्यातल्या अँटिबायोटिकच्या मर्यादा परत आणा. त्या मोजा आणि आकडे सगळ्यांना दिसतील असे रोज लावा, सीओडीच्या शेजारीच. आणि महाराष्ट्रातल्या एका औषध वसाहतीत, सरकार आणि कारखानदार मिळून, भाभा केंद्राच्या मदतीने इलेक्ट्रॉन झोताचा एक खरा, रोज चालणारा प्रकल्प उभा करा. प्रदर्शनातलं मॉडेल नको. फीत कापून कुलूप लावलेली शेडही नको.

हे वाचून कोणी म्हणेल, किरणांचं पाणी आम्ही पिणार नाही. ठीक आहे, पिऊ नका, ते प्यायला आणलेलंच नाही. फक्त हे सांगा, सिप्रोचं पाणी प्यायची परवानगी तुम्ही कधी दिली होती?